बन्नूर रस्त्यावरचा ओझ्याचा दगड

मला चौकशीची खोड आहे. आई म्हणायची, हिला शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते कळल्याशिवाय स्वतःचा घास गिळवत नाही. विम्याच्या कचेरीत अर्ज तपासायच्या कामाला ही खोड फार उपयोगी पडली. निवृत्त झाल्यावर मात्र हात रिकामे आणि डोकं चालू, अशी गत झाली. म्हैसुरात आमच्यासारखी घरं बरीच आहेत. पूर्वज घोड्यावर बसून राजाच्या फौजेत आले, आणि आम्ही वंशज खुर्चीवर बसून निवृत्त होतो. घरात मराठी बोलतो, तीही निम्मी कन्नड. राग आला की मग सगळीच कन्नड. मला राग बऱ्यापैकी येतो.

एकदा बसमध्ये शेजारी एक मुलगी बसली होती. फोनवर रस्त्याकडेच्या विहिरीचा फोटो चढवत होती. मी विचारलं, "हे कशाला गं?" झालं, आमची गाठ पडली. मुलगी साताऱ्याकडची, हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात इंजिनियर. अगदी स्वच्छ मराठी बोलायची आणि मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागली. तिनं सांगितलं, जगभरातले लोक फुकट खपून एक मोकळा माहितीसाठा चालवतात. त्यात कुणीही नोंद घालावी, कुणीही दुरुस्त करावी. पटलं नाही तर प्रत्येक नोंदीमागे चर्चेचं एक पान असतं. तिथे सात दिवस भांडायचं, आणि भांडणात नसलेल्या माणसानं निकाल द्यायचा.

भांडणाची इतकी नीटनेटकी सोय मी आयुष्यात पाहिली नव्हती. पुढच्याच रविवारी सकाळी मी हूटगळ्ळीला तिच्या गच्चीवर हजर. पाच-सहा जण जमायचे, उपीट-कॉफी व्हायची आणि म्हैसूरच्या आसपासच्या जुन्या गोष्टी साठ्यात घालायचं काम चालायचं. आमचे हे म्हणाले, "पूर्वज लष्करात होते, आता तू लष्कराच्या भाकऱ्या भाज." मी म्हटलं, भाजते. तुम्हाला तर घरची पण भाजता येत नाही.

त्या गच्चीवर आमचे एक मास्तरही यायचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आमच्याच जातगोतातले. त्यांच्या पूर्वजांनी तलवार चालवली असेल, हे नियम चालवायचे. त्यांनी गटाला एक नियम लावून दिला होता, त्याला आम्ही 'दुसरी नजर' म्हणायचो. एकानं नोंद घालायची आणि दुसऱ्यानं प्रत्यक्ष तिथे जाऊन पाहून यायचं. फोटोवर भागायचं नाही. पाहून आलेला माणूस 'पाहिलं' म्हणून सही करेपर्यंत नोंद कच्ची. शिवाय वर्षातून एकदा पुन्हा पाहायचं, कारण मास्तरांच्या मते दगडसुद्धा वर्षभरात बदलतो.

आम्ही त्या वर्षी दगडांच्याच मागे होतो. बन्नूरच्या आणि हुणसूरच्या रस्त्यावर अधूनमधून दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवी शिळा दिसते. उंची साधारण माणसाच्या खांद्याएवढी. कन्नडमध्ये होरेगल्लु, म्हणजे ओझ्याचा दगड. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्याची मान अवघडली की तो या शिळेला टेकून उभा राहायचा, भारा आडवा सरकवायचा, दम खायचा आणि तसाच पुन्हा डोक्यावर ओढून घ्यायचा. वाकायला नको, की उतरवायला कुणाला हाक मारायला नको. एकट्या माणसाची सोय. मला ही युक्ती भारी आवडली.

असे एकोणीस दगड आम्ही साठ्यात घातले. प्रत्येक नोंदीत एक रकाना होता, 'सध्याची स्थिती'. तो सगळीकडे रिकामा. रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो, ती कचेरीची सवय. एका दुपारी मी बसले आणि एका फटक्यात एकोणीसच्या एकोणीस नोंदींवर लिहून टाकलं, 'वापरात नाही'. आता कोण डोक्यावरून ओझी वाहतं? त्यासाठी उन्हातान्हात हिंडायला कशाला हवं?

संध्याकाळपर्यंत चर्चेच्या पानावर मुलीचा आक्षेप. 'कुणी पाहिलं?' एवढंच. आणि रविवारी मास्तर गच्चीवर उपिटाची बशी खाली ठेवून म्हणाले, "याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात."

अय्यो, मी पेटलेच. म्हटलं, "मास्तर, सूर्य पूर्वेला उगवतो हे पण बसनं जाऊन बघून यायचं का?"

"तुम्ही जाऊन या," मास्तर शांतपणे म्हणाले. "सूर्याचं मी बघतो."

सगळे हसले. मी म्हटलं, सरी, ठीक आहे. एकोणीस दगड बघते आणि एकोणीस वेळा यांच्या तोंडावर मारते. दुसऱ्या दिवशी सकाळीच बन्नूरची बस धरली. खरं सांगायचं तर मी काही शोधायला निघाले नव्हते, भांडण जिंकायला निघाले होते.

पहिला दगड बन्नूरच्या अलीकडे, उसाच्या फडाला लागून. बसमधून उतरले आणि फोटो काढायला फोन वर केला, तर शिळेवर हिरव्या गवताची पाती. ताजी, ओली. हात लावून पाहिला. वारं असं निवडून फक्त शिळेवरच गवत टाकतं होय? झाली माझी खोड जागी. रस्त्यापलीकडे भाताची खाचरं, अलीकडे एकच कौलारू घर, दगडापासून मोजून तीस पावलांवर. मी सावलीत उभी राहिले.

थोड्या वेळानं बांधावरून एक म्हातारा आला. ऐंशीच्या घरातला, डोक्यावर गवताचा भारा, खाली चुंबळ. दगडापाशी आला, भारा शिळेवर सरकवला आणि शेजारी उभा राहिला. घाम पुसला नाही, तंबाखू काढली नाही. नुसता उभा. मग भारा पुन्हा डोक्यावर घेतला आणि तीस पावलं चालून घराच्या ओट्याजवळ उतरवला.

मी मागोमाग गेलेच. कन्नडमध्ये आजोबा म्हणून हाक मारली आणि विचारलं, "ताता, घर तर इथंच आहे. मग वाटेत का उतरवलंत?"

तातांनी मला बसायला ओट्यावर जागा करून दिली. मग म्हणाले, "तो दगड माझ्या अव्वाचा आहे, तायी."

त्यांनी सांगितलं ते असं. ते सहा वर्षांचे असताना त्यांची अव्वा, म्हणजे आई, पोटुशी होती. दिवस भरले होते. ती मोकळी झालीच नाही आणि तशीच गेली. अशी बाई आपलं ओझं घेऊनच जाते, असं त्यांच्याकडे मानतात. तिला ते कुठे टेकवता येत नाही. म्हणून घरच्यांनी रस्त्याच्या कडेला तिच्यासाठी हा दगड उभा करायचा. येणारा-जाणारा त्यावर आपलं ओझं ठेवतो, तेवढा वेळ तिचंही उतरतं.

"तेवढाच वेळ?" मी विचारलं. नको तिथे विचारायची माझी जित्याची खोड.

"तेवढाच," ते म्हणाले. "उचललं की तिचंही आलं परत. पण पूर्वी रस्ता वाहता होता. एकाचं उचलून होतंय तोवर दुसरा यायचा. मी इथं बसून बघायचो. मग सायकली आल्या, टेम्पो आले, आता मोटरसायकली. आता मी एकटाच उरलो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं. दगडाचा फोटो उघडा होता. त्यांना आनंद झाला. जगात कुठूनही हा दगड दिसतो म्हटल्यावर तर आणखीच. मग बोट खाली सरकलं. "आणि हे काय लिहिलंय?"

थाप मारता आली असती. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा पकडत आले, ऐनवेळी एक मारायला जमली नाही. मी सांगितलं, "वापरात नाही, असं लिहिलंय."

तात दगडाकडे बघत राहिले. मग विचारलं, "कुणी सांगितलं?"

"मीच लिहिलं," मी म्हटलं. लाज वाटली. नुसती लाज नाही, चांगलं रडू आलं. घरात पंख्याखाली बसून मी एका बोटानं त्यांच्या अव्वाच्या डोक्यावर भारा परत ठेवला होता. तात उलट माझीच समजूत घालायला लागले, ताक आणून दिलं. म्हणाले, "तुला कुठे ठाऊक होतं? आता ठाऊक झालं. आता बदलशील ना?"

बदलायचं म्हणजे पुन्हा चर्चा. मी पानावर पाहिलं ते सगळं लिहिलं आणि कबूलही केलं की आधीचं न पाहता लिहिलं होतं. सात दिवस नुसती धमाल. कुठल्या कुठल्या देशांतून माणसं आली. डोंगराळ मुलुखातला कुणी म्हणाला, आमच्याकडे पाठीवरच्या पोत्यांसाठी असेच कट्टे असतात, त्यांवर आता पोरं बसतात, मग तो वापर धरायचा का? आणखी कुणी विचारलं, ओझं किती किलोचं असलं म्हणजे ओझं? मास्तरांचा मुद्दा मात्र बोचरा होता. घर तीस पावलांवर असताना भारा उतरवणं हा वापर नव्हे, तो विधी. साठ्यात दोन्ही वेगळे ठेवायला हवेत.

त्यावर गच्चीवर हूटगळ्ळीच्या मुलीनं विचारलं, "मास्तर, देवळात लोक घंटा वाजवतात. देव काही झोपलेला नसतो. मग ती घंटा वापरात आहे की नाही?"

मास्तरांनी कॉफी संपेपर्यंत विचार केला. शेवटी म्हणाले, "घंटा वापरात आहे." मग त्यांनीच व्याख्या बांधून दिली: गेल्या वर्षभरात कुणीतरी खरं ओझं त्या दगडावर उतरवलेलं असावं आणि ते दुसऱ्या नजरेनं पाहिलेलं असावं. कशासाठी उतरवलं, हे विचारायचा साठ्याला अधिकार नाही. निकाल देणाऱ्या परक्या माणसानं तेच मान्य केलं. तातांच्या दगडापुढे 'वापरात आहे' आलं. बाकीच्या अठरांपुढे मी माझ्या हातानं 'माहीत नाही' लिहिलं आणि मग त्यातला एकेक बघत हिंडले.

काय काय बघितलं म्हणून सांगू! हुणसूरच्या रस्त्यावर एक दगड कमरेपर्यंत मातीत गेलेला, एकावर चहावाल्याची स्टोव्ह-किटली मांडलेली. एका गावात रोज पहाटे बायका दुधाचे कॅन आणून शिळेवर ठेवतात, तिथून डेअरीची गाडी उचलते. दुधाचा कॅन ओझं नाही तर काय? तोही वापरात निघाला. जे मला पंख्याखाली बसून 'उघड' दिसत होतं, त्यात असं बरंच निघालं. दर खेपेला बन्नूरची बस दिसली की तातांकडे पण उतरायचे.

वर्ष सरत आलं, फेरतपासणीची वेळ आली आणि मी गेले तर तात ओट्यावर खाटेला टेकून बसलेले. खाचरात पाय घसरून खुबा मोडला होता. डॉक्टरांनी चालायला बंदी केलेली. मुलगा मोटरसायकलवरून गवत आणत होता, आणि मोटरसायकल दगडापाशी कशाला थांबेल? तातांनी सांगितलं म्हणून दोन-चार दिवस त्यानं भारा टेकवला, मग राहून गेलं. त्याच्या मागे त्याचे व्याप.

तातांना आमचा नियम पाठ होता. मला म्हणाले, "अजून महिनाभर चालेल. शेवटची 'पाहिलं'ची सही वर्षाच्या आतली आहे. मग?"

मी म्हटलं, "मग बघू. लिहिणारी मीच आहे ना."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर रागावले. "खोटं लिहू नको. नुसत्या लिहिण्यानं अव्वाचं काय उतरणार?"

परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं. तात नाहीत तर मी. रविवारी गच्चीवर जाहीर केलं, "महिन्यातून एकदा मी ओझं घेऊन जाणार, दगडावर उतरवणार आणि नोंद ठेवणार."

मास्तर म्हणाले, "नाही चालणार."

"का नाही?"

"पक्षी मोजणाऱ्यानं पिंजऱ्यातून पक्षी सोडायचे आणि मग ते मोजायचे? जी गोष्ट आपण घडवतो, ती आपणच कशी नोंदवायची? उद्या आपण प्रत्येक दगडावर पिशव्या ठेवत फिरू."

मी मराठीत सुरू केलं आणि कन्नडमध्ये संपवलं. माणूस आहात की नियमाचं पुस्तक, इथपर्यंत बोलले. मास्तर ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाले, "ओझं नेऊ नका असं कुठे म्हटलं मी? वाहा, नाहीतर लिहा. दोन्ही नको."

घरी आले तरी धुमसत होते. भांडी घासताना मात्र पटत गेलं. मला दोन्ही हवं होतं, ते का? कारण नोंद माझी होती. पहिली चूक माझी, दुरुस्ती माझी, म्हणजे शेवटही माझ्याच हातचा असावा, हा हट्ट. तातांच्या अव्वाला त्याचं काय? त्याच संध्याकाळी मी दगडांच्या नोंदी करणाऱ्यांच्या यादीतून स्वतःचं नाव काढलं आणि चर्चेच्या पानावर कारण लिहिलं: 'यापुढे मी वाहणारी आहे.' हूटगळ्ळीच्या मुलीनं खाली विचारलं, 'काकू, नक्की?' मी उत्तर दिलं नाही, कारण नक्की नव्हतं. ती यादी मला फार आवडायची.

मग सराव. बासष्टाव्या वर्षी डोक्यावर ओझं! आमच्या घराण्यात घोड्यांनी वाहिलं, आम्ही कुठे वाहिलंय? जुन्या लुगड्याची चुंबळ केली, त्यावर पाच किलो तांदळाची पिशवी, आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या. आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "घोडदळातून हमालखात्यात बदली झाली वाटतं." पण पिशवी कलली तशी पहिले तेच धावले.

ओझं खरं हवं, ही तातांची अट होती. सुम्मने, उगीच आपल्या पिशवीत दगड-विटा भरून आणायच्या नाहीत, कुठून तरी कुठेतरी जाणारं ओझं हवं. म्हणून मी बन्नूरच्या बाजारात जाऊन आमच्यासाठी आणि शेजारच्या दोन घरांसाठी गूळ घेतला, आठ किलो. परतताना एक थांबा आधी उतरले, फडक्यात बांधलेला गूळ चुंबळीवर चढवला आणि रस्त्याच्या कडेनं निघाले. एका थांब्याचं अंतर ते केवढं! पण शंभर पावलांत मान दुखायला लागली, घाम डोळ्यांत उतरला. एक मोटरसायकलवाला थांबला, "आणा इकडे, पोचवतो," म्हणाला. मी मान हलवू शकत नव्हते, हातानंच नको म्हटलं.

दगडापलीकडे छत्री घेऊन मास्तर उभे होते. दुसरी नजर म्हणून दुसरं कुणी यायला तयार असतानाही ते स्वतः आले होते, बन्नूरच्या बसमध्ये उभ्यानं. नोंद हूटगळ्ळीची मुलगी करणार होती. मास्तर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, मदतीला पुढेही आले नाहीत. तेच बरोबर होतं.

शिळा खांद्याला लागली. मी तिच्याकडे तोंड केलं, तातांचं बघितलं होतं तसं, आणि बोचकं पुढे सरकवलं. माझ्या डोक्यावरून ते गेलं आणि मान आपोआप वर आली. इतका वेळ जमीन बघत होते, एकदम ऊस दिसला, आभाळ दिसलं. कुणाला हाक मारावी लागली नाही. तातांची अव्वा कशी होती, तिचं वय काय होतं, मला काहीच ठाऊक नाही. पण तिला आता असंच वाटत असेल, असं वाटून मला भरून आलं.

मास्तरांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं. मी बोचक्याला हात घातला, कारण लांबून म्हैसूरची बस येताना दिसत होती.

ओट्यावरून तातांनी हाक मारली, "तायी, जड होतं का?"

"खूप जड होतं, ताता."

"मग लगेच उचलू नको," ते म्हणाले. "थोडं थांब."

मी हात काढून घेतला. मास्तरांनी छत्री मिटली. बस जवळ आली, तिनं वेग कमी केला, पण आम्ही कुणीच हात केला नाही.